तुम्ही विचारलंत म्हणून : येशू खरंच बेथलेहेमात जन्मला का?

डिसेंबर लागला की हा प्रश्न येतोच. स्टाफरूममध्ये तो जरा मिश्कीलपणे येतो. "मॅडम, तुम्ही ख्रिस्ती, त्यात इतिहास शिकवता. आता खरं सांगा, तो गोठा, तो तारा, ते तीन राजे, हे सगळं घडलं होतं का?" चर्चबाहेर, मिस्सा संपल्यावर, तोच प्रश्न खालच्या आवाजात येतो, बहुतेकदा कॉलेजात जाणाऱ्या मुलांच्या आयांकडून. "मुलगा म्हणतो हे सगळं रचलेलं आहे, त्याला काय सांगू?" पहिल्याला मी अडखळलेली हवी असते, दुसरीला मी ठामपणे 'हो' म्हणायला हवी असते. दोघांनाही मी एकच काम सांगते. बायबलमध्ये येशूची चार चरित्रं आहेत, त्यांना शुभवर्तमानं म्हणतात. त्यांतल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचे पहिले दोन अध्याय आणि लूकचे पहिले दोन, एकमेकांशेजारी ठेवून वाचा. नाताळच्या नाटुकल्यांमुळे आपल्या डोक्यात त्यांची खिचडी झालेली असते, ती आधी वेगळी करा.

मत्तयाकडे योसेफ आणि मरिया आधीपासून बेथलेहेमातच राहत असावेत असं दिसतं. तारा पाहून पूर्वेकडचे मागी, म्हणजे ज्योतिषी, येतात ते घरात. गोठा नाही, गव्हाणी नाही, मेंढपाळ नाहीत. पुढे हेरोद राजा लहान मुलांची कत्तल करवतो, हे कुटुंब इजिप्तला पळतं, आणि परत आल्यावर यहूदियात हेरोदाचा मुलगा अर्खेलाव गादीवर आहे हे ऐकून नाझरेथला जाऊन राहतं, जणू त्या गावाशी त्यांचा पहिलाच संबंध येतोय. लूककडे नेमकं उलट. घर नाझरेथला. बेथलेहेमला जायचं ते रोमचा सम्राट कैसर औगुस्त याने फर्मावलेल्या नावनिशीसाठी, म्हणजे लोकांच्या नोंदणीसाठी, कारण योसेफ दावीद राजाच्या वंशातला आणि बेथलेहेम दाविदाचं गाव. मूल गव्हाणीत, मेंढपाळ येतात, चाळीस दिवसांनी विधीसाठी यरुशलेमचं मंदिर, आणि मग सरळ घरी. कत्तलीचा, इजिप्तचा, ताऱ्याचा शब्दही नाही. योसेफाच्या वडिलांचं नाव मत्तय याकोब देतो, लूक एली. मार्क आणि योहान जन्माची हकिगत सांगतच नाहीत.

आपल्या गोठ्यातले बैल आणि गाढव तर दोघांकडेही नाहीत. ते यशया संदेष्ट्याच्या एका ओळीतून नंतर आत शिरले. राजे तीन होते असंही कुठे लिहिलेलं नाही, भेटवस्तू तीन म्हणून माणसं तीन. खरं तर ते राजेही नव्हते. गोठा उभारायची रीत फ्रान्सिस असिसीकरांनी १२२३ मध्ये इटलीतल्या ग्रेच्चो गावी केलेल्या देखाव्यापासून रुजली. शुभवर्तमानांत जनावरांचा उल्लेख नाही, असं पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २०१२ मध्ये लिहिलं, तेव्हा पोपनी गोठ्यातून जनावरं हाकलून दिल्यासारख्या बातम्या आल्या. तरी जनावरांशिवाय गोठा पुरा होत नाही, असं त्यांनी तिथेच म्हटलं होतं. ते कोण छापणार!

आता खरी अडचण. ती नावनिशीची आहे, आणि माझ्यातल्या इतिहासवालीला त्यातच रस आहे.

क्विरीनिय सूरियाचा सुभेदार असताना ही पहिली नावनिशी झाली, असं लूक सांगतो. क्विरीनिय खरा माणूस, नावनिशीही खरी. योसेफस या यहुदी इतिहासकाराने तिची हकिगत दिली आहे. इ. स. ६ मध्ये रोमने अर्खेलावाला पदच्युत केलं, यहूदिया थेट आपल्या ताब्यात घेतला, आणि कर बसवायचा म्हणून लोकांच्या मालमत्तेची मोजणी केली. त्यावरून गालीलच्या यहूदाने बंड पुकारलं. लूकच्याच 'प्रेषितांची कृत्ये' या दुसऱ्या पुस्तकातही या बंडाचा उल्लेख येतो. क्विरीनियाच्या हुकुमावरून सूरियातल्या अपामेया शहरात १,१७,००० नागरिक मोजल्याचं सांगणारा एक शिलालेखही आहे. पण मत्तय म्हणतो येशू हेरोदाच्या काळात जन्मला, आणि लूकची सुरुवातही हेरोदाच्याच काळात होते. बहुतेक अभ्यासकांच्या मते हेरोद मेला इ. स. पू. ४ मध्ये. म्हणजे मध्ये जवळजवळ दहा वर्षांची फट पडते.

ती बुजवायचे प्रयत्न शतकानुशतकं चालले आहेत. क्विरीनिय आधी एकदा सुभेदार असेल, असं म्हणतात. पण हेरोदाच्या शेवटच्या वर्षांतले सूरियाचे सुभेदार आपल्याला ठाऊक आहेत, आधी सॅटर्निनस आणि मग वारुस. हा तोच वारुस, ज्याने पुढे इ. स. ९ मध्ये जर्मनीच्या जंगलात रोमन सैन्याची तीन लीजन, म्हणजे तीन मोठी दलं, गमावली. दुसरा बचाव इजिप्तमधल्या एका पपायरसचा, म्हणजे तिथल्या जुन्या कागदाचा. इ. स. १०४ मध्ये तिथल्या रोमन सुभेदाराने मोजणीसाठी लोकांनी आपापल्या घरी परतावं असा हुकूम काढला होता. हा पुरावा मी वर्गात आवर्जून दाखवते, कारण तो चांगला आहे आणि तरी पुरत नाही. कामाधंद्यासाठी बाहेर गेलेल्यांनी स्वतःच्या घरी यावं, असा तो हुकूम आहे. हजार वर्षांपूर्वीच्या दाविदाच्या गावी जाऊन नाव नोंदवा, असं त्यात नाही. कर घेणाऱ्याला तुमचा पूर्वज कुठला याच्याशी काय देणंघेणं? त्याला तुमची जमीन कुठे आहे ते हवं असतं. शिवाय इ. स. ६ मध्ये नाझरेथ गालील प्रांतात होतं, तिथे हेरोदाचा दुसरा मुलगा हेरोद अंतिपा राज्य करत होता, त्या मोजणीच्या हद्दीबाहेर. आणि औगुस्ताने आपल्या कारकिर्दीच्या लेखात ज्या तीन शिरगणत्या अभिमानाने नोंदवल्या, त्या रोमन नागरिकांच्या. नाझरेथचा सुतार त्यात कुठून येणार?

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे : लूकची इथे गल्लत झाली आहे. लबाडी म्हणत नाही मी. तो लिहीत होता ते घटनेनंतर सत्तर-ऐंशी वर्षांनी, आणि आपली जुनी माणसं कुणाचाही जन्म 'प्लेगच्या साली' म्हणून सांगायची तशी ती गाजलेली नावनिशी त्याच्यासाठी काळाची खूण झाली असावी. नाझरेथच्या माणसांना बेथलेहेमात नेणारं निमित्तही त्याला त्यातूनच मिळालं.

निमित्त कशाला हवं होतं, हा पुढचा प्रश्न. मीखा संदेष्ट्याच्या ग्रंथात इस्राएलचा अधिपती बेथलेहेमातून निघेल असं लिहिलं आहे. येशू नाझरेथचा हे तर सगळ्या जगाला माहीत. योहानाच्या सातव्या अध्यायात लोक नेमकं यावरूनच भांडतात : ख्रिस्त, म्हणजे ज्याची वाट पाहत होते तो तारणारा, गालीलातून कसा येईल, तो तर बेथलेहेमातून यायचा ना? या टोमण्याला उत्तर देणं मत्तय आणि लूक दोघांनाही भाग होतं. दोघांनी ते दोन वेगळ्या वाटांनी दिलं, आणि त्या वाटा एकमेकींना मिळत नाहीत. म्हणून जन्म नाझरेथलाच झाला असावा असं अनेक इतिहासकार मानतात, आणि मीही त्याच बाजूला झुकते. विरुद्ध बाजूचा मुद्दा मात्र हलका नाही. एकमेकांचं न वाचता लिहिलेल्या दोन माणसांत हेरोदाचा काळ, मरिया, योसेफ, बेथलेहेम आणि नाझरेथ इतकं जुळतं. कोर्टात अशा साक्षींना वजन असतं. फक्त बेथलेहेमच्या बाबतीत दोघांच्याही हातात मीखा होता, म्हणून ते वजन मी थोडं कमी धरते. अमेरिकन कॅथलिक धर्मगुरू रेमंड ब्राउन यांनी १९७७ मध्ये या चार अध्यायांवर प्रचंड ग्रंथ लिहिला, आणि लूकच्या नावनिशीबद्दल त्यांनाही हेच म्हणावं लागलं. त्यांची धर्मगुरूपदाची वस्त्रं कुणी काढून घेतली नाहीत, हे मी त्या आयांना मुद्दाम सांगते.

कत्तलीबद्दल योसेफस गप्प आहे, आणि हेरोदाची एकही दुष्टाई त्याने सोडलेली नाही. हेरोदाने बायकोला मारलं, आलेक्सांद्र आणि अरिस्तोबुल या मुलांचे गळे आवळवले, स्वतः मरायच्या पाच दिवस आधी तिसऱ्या मुलाला संपवलं. बेथलेहेम खेडं होतं, दोन वर्षांखालचे मुलगे असून असून किती असतील, म्हणून नोंद राहिली नसेल, हा युक्तिवाद अशक्य नाही. मला तो पटत नाही, कारण मत्तयाची गोष्ट पावलोपावली फारो आणि मोशेची आठवण ठेवून चालते : तिथेही इजिप्तचा राजा फारो इस्राएली मुलगे मारवतो, आणि त्यांचा पुढचा नेता मोशे बाळपणी वाचतो.

इथे स्टाफरूममधून हमखास आवाज येतो, "अहो, हा तर कंस!" हा वाद महाराष्ट्रात नवा नाही. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १९१३ मध्ये उलट बाजूने मांडणी केली होती. आभीर या गुराखी जमातीने बालदेवाची उपासना, त्याच्या साध्या जन्माची आणि बालहत्येची गोष्ट पश्चिमेकडून आणली असावी, कदाचित ख्रिस्त हे नावसुद्धा, जे कृष्णाशी जुळलं, असं त्यांनी लिहिलं. आज ते फारसं कुणी मानत नाही. कंसवध सादर होत असल्याचा उल्लेख पतंजलीच्या महाभाष्यात, म्हणजे येशूच्या आधी शे-दीडशे वर्षं आहे. आता मोबाइलवर फिरतं ते याच्याही उलट : ख्रिस्ताची गोष्ट कृष्णावरून उचलली. त्यालाही आधार नाही. मुलाला भिणारा राजा ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने सांगितलेल्या इराणी राजा सायरसच्या जन्मकथेतही आहे. मत्तयाला मोशे घरचाच होता, त्याने दूर जायचं कारण नव्हतं.

ताऱ्याचं थोडक्यात. गुरू-शनीची इ. स. पू. ७ मधली युती खगोलशास्त्रज्ञ केपलरने गणिताने काढली होती, कुणी हॅले धूमकेतूचं इ. स. पू. १२ मधलं दर्शन पुढे करतं. पण मत्तयाचा तारा पुढे पुढे चालतो आणि एका घरावर येऊन थांबतो. कुठलाही ग्रह असं करत नाही. तारखेचंही तसंच. २५ डिसेंबर शुभवर्तमानांत नाही, ती पहिल्यांदा चौथ्या शतकातल्या रोमन नोंदीत दिसते. आर्मेनियन ख्रिस्ती आजही ६ जानेवारी पाळतात. आणि सहाव्या शतकात दिओनिसियस नावाच्या संन्याशाने सन मोजायला घेतला तो हेरोदाच्या मृत्यूशी जुळला नाही, म्हणून येशू ख्रिस्तपूर्व जन्मला असं विचित्र वाक्य मला दरवर्षी फळ्यावर लिहावं लागतं.

कुमारी मरियेबद्दल विचाराल, तर तिथे माझी साधनं चालत नाहीत. मी ते श्रद्धेने म्हणते, मिस्सेत, सगळ्यांबरोबर. वर्गात म्हणत नाही.

हे सगळं ऐकून घेतल्यावर कुणीतरी हमखास काश्मीरवर येतं. येशू तरुणपणी इकडे आला होता, लडाखच्या हेमिस मठात त्याचं चरित्र आहे म्हणे. ती गोष्ट निकोलाय नोटोविच या रशियन माणसाने १८९४ मध्ये छापली. पुढच्याच वर्षी आग्र्याच्या कॉलेजातले प्राध्यापक डग्लस हेमिसला गेले आणि तिथल्या मुख्य लामाला नोटोविचचं पुस्तक दुभाष्याकरवी ऐकवलं. असं कुठलंही हस्तलिखित मठात नाही, असं लामाने सांगितलं. लूककडे नावनिशीची पावती मागणारे आमचे सहकारी हे मात्र बिनापावती घेतात. परवा एकाला मी तसं म्हटलं, तर तो म्हणाला, "मॅडम, पण पुस्तकात आहे ना!"