ऑपरेशनचं काही नाही, त्याआधीचे पाच महिने वाया गेले

जिन्यात पाय घसरला, पडू नये म्हणून कठडा धरला आणि उजव्या खांद्यात कट्कन आवाज आला. एक्स-रे काढला, हाड शाबूत. मग फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा, म्हणून शेक, गोळ्या आणि भिंतीवर बोटं चढवायचा व्यायाम. पाच महिने मी इमानदारीत तेच करत बसले.

रात्री त्या कुशीवर वळलं की जाग यायची. वरच्या फळीवरचा डबा काढायचा तर डाव्या हाताने उजवा हात उचलून न्यायचा. आणि सगळं उत्तर तिथेच होतं हो! फ्रोझन शोल्डर असेल तर दुसऱ्याने उचलला तरी हात वर जात नाही, अडकतो. माझा आरामात वर जायचा, सोडला की धपकन खाली. पाच महिन्यांत एकानेही माझा हात स्वतः उचलून बघितला नाही, नुसतं "वर करा, किती जातो?" आणि कागदावर खरडलं. एक्स-रेत टेंडन, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, दिसतच नाही, मग हाड ठीक आहे यावर कसं काय थांबतात? शेवटी दुसऱ्या डॉक्टरांनी हात उचलला, सोडला, लगेच एमआरआय लिहून दिला. सुप्रास्पायनेटस, म्हणजे हात वर उचलणाऱ्या स्नायूचा टेंडन, पूर्ण फाटलेला. उशीर झाला की फाटलेलं टोक मागे ओढलं जातं, स्नायू सुकतो, त्यात चरबी भरते आणि शिवणं अवघड होतं, हे ऐकून मला तिथेच रडू फुटलं.

ऑपरेशन सोपं गेलं. छोटी भोकं, कॅमेरा, हाडात अँकर, म्हणजे दोरा धरून ठेवणारी छोटी खुंटी, बसवून टेंडन शिवला. मानेजवळ ब्लॉक, म्हणजे हात बधीर करायचं इंजेक्शन, दिलेला, हात दुसऱ्या दिवसापर्यंत बधीर. ब्लॉक उतरायच्या आधीच दुखण्याची गोळी घ्या, मी "दुखत तर नाहीये" म्हणून थांबले आणि मध्यरात्री जीव गेला.

सहा आठवडे हात स्लिंगमध्ये, म्हणजे गळ्यात अडकवायच्या झोळीत. पुढून बटणं असलेले सैल कपडे आधीच काढून ठेवा, झोपायला पाठीशी उशा लावून अर्धवट बसायचं. दुखायचं थांबलं तरी आपणहून हात उचलायचा नाही, टेंडन हाडाला अजून धरलेला नसतो. फिजिओ सांगेल तेवढंच.

आता साडेचार महिने झालेत, हात डोक्याच्या वर जातो, वजन अजून उचलत नाही.

अरे हो, एमआरआयची सीडी मागून घ्या, नुसता रिपोर्टचा कागद नको. टोक किती मागे गेलंय ते सर्जनला स्वतः बघायचं असतं, मला त्यासाठी परत हेलपाटा पडला.