एवढं शिकवलंय, तर माणूस शोधायला का जात नाही?

"ताई, रेवा माग एवढा छान काढते, मग हरवलेलं माणूस शोधायला का नाही नेत तिला?" रेवा म्हणजे माझी कुत्री. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाकडे तिचा सराव घेताना, जनावरांच्या दवाखान्यात, लग्नाच्या पंगतीत, सगळीकडे हेच. तुम्ही विचारलंत म्हणून एकदाच नीट सांगते.

गेले होते. गिरणाऱ्याकडच्या एका मळ्यातून आजी संध्याकाळी निघून गेल्या. त्यांना विसर पडायचा. मला निरोप आला दुसऱ्या दिवशी दुपारी, ऐन एप्रिलात. तोवर अर्धं गाव शेतं तुडवून आलेलं. वासासाठी कपाटातलं धुतलेलं लुगडं आणून दिलं, तेही चार हातांतून. मी म्हटलं, उशीचा अभ्रा द्या, आणि कुणी हात लावायच्या आत स्वतःच पिशवीत ओढून घेतला.

सगळे विहिरीकडे बोट दाखवत होते. रेवा मागच्या दारातून निघाली, द्राक्षबागेच्या कडेने बांधावर चढली. तिथल्या सावलीतल्या गवतात नाक असं खाली की तिची फुसफुस मला दोरीच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होती. डांबरी रस्ता लागला तशी मान वर. गोल फिरली, बांधापर्यंत मागे आली, पुन्हा रस्त्यावर गेली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.

मी म्हणाले, "माग इथवरच आहे. बहुतेक गाडीत बसल्या असतील." ते कुणाला पटलं नाही. "कुत्रं चुकलं," म्हणत त्यांनी मोटर लावून रात्रभर विहीर उपसली. विहिरीत काही नव्हतं. आजी अजून सापडलेल्या नाहीत.

रेवा चुकली, हे मी मानणार नाही. माग कोणत्या दिशेने गेलाय हे कुत्र्याला दोन ते पाच पावलांच्या वासावरून कळतं, हे 1993 साली नॉर्वेतल्या संशोधकांनी मोजून दाखवलंय. पण ती का थांबली, ते मला छातीठोक सांगता येत नाही. मातीत तुडवलेलं गवत, उकरलेली माती, माणसाच्या अंगावरून झडलेली कातडी, सगळ्याचा वास मिळून माग होतो. तापलेल्या डांबरावर यातलं फार थोडं टिकतं, आणि जाणारा प्रत्येक ट्रक तेही उडवून नेतो. म्हणजे आजी गाडीत बसल्या असतील, किंवा चालत पुढेही गेल्या असतील. त्यांच्या सूनबाई अजून फोन करतात, "ताई, गाडीतच बसल्या ना हो त्या?" माझं 'बहुतेक' त्यांच्या लक्षात राहिलेलं नाही. मी "वाटतं तसं" म्हणते आणि फोन ठेवल्यावर किती तरी वेळ काही सुचत नाही.

पूर्वी मी म्हणायचे, बोलावलं की निघायचं. आयजीपी ही कुत्र्यांची परीक्षा, तिच्या तिसऱ्या पायरीला परक्या माणसाने टाकलेला, तासाभराचा जुना, 600 पावलांचा माग असतो. तेवढं जमलं की कुत्रं तयार, अशी माझी समजूत होती. आता म्हणते, परीक्षेतल्या शेतात गावची गर्दी नसते, फवारणीचा गंधक नसतो, आणि निकालाकडे डोळे लावून बसलेली सून नसते. पण मी गेले नसते तर रस्त्याच्या बाजूला कुणी पाहिलंही नसतं. यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही.

म्हणून हल्ली मी सरसकट हो म्हणत नाही. बोलवायचंच असेल तर रात्रीच फोन करा, म्हणजे पहाटे दव असताना पोचता येईल. अभ्रा किंवा चप्पल, ज्याला दुसऱ्या कुणाचा हात लागला नाही असं काहीतरी, जागचं हलवू नका. आणि मी येईपर्यंत घराच्या दारांपाशी गर्दी होऊ देऊ नका.