उन्हात वांगी, मेणबत्तीत काळा

साडीच्या दुकानात आई कधी ट्यूबलाइटखाली रंग पसंत करायची नाही. साडी उचलून थेट दारापाशी जायची, पदर उन्हात धरायची आणि मगच हो की नाही ते सांगायची. न्यू जर्सीत जेवणाची टेबलं सजवण्याचं काम करताना मीही तेच करते, कापड खिडकीशी नेऊन बघते. गेल्या 31 ऑक्टोबरला, हॅलोविनच्या सणाला, मात्र नेमकं तिथेच चुकलं.

हॅलोविनमुळे ऑक्टोबरभर आमच्याकडे नारिंगी आणि काळ्याचीच मागणी असते. पण त्या दिवशीचं टेबल ज्यांच्याकडे होतं त्या बाईंनी फोनवरच सांगितलं होतं, "नारिंगी नको, काळं नको, सांगाडे तर अजिबात नकोत." त्यांची आई आयर्लंडच्या मेयो परगण्यातली, त्याच वसंतात गेलेली. आईच्या लहानपणी हॅलोविनला भोपळा नसायचाच. सलगम पोखरून, त्याला तोंड कोरून आत मेणबत्ती ठेवायचे. आयरिश माणसं अमेरिकेत आली, तिथे त्यांना मोठा आणि कोरायला सोपा भोपळा मिळाला आणि सलगम मागे पडला. बाईंना बारा जणांचं जेवण आईच्या आठवणीत करायचं होतं. शेवटी बार्मब्रॅक, म्हणजे मनुका घातलेला गोडसर पाव. त्यात अंगठी लपवतात. ज्याच्या तुकड्यात ती येईल त्याचं लग्न लवकर ठरणार म्हणतात.

मी बाजारातून पाल्यासकट एक सलगम आणला आणि ओट्यावर ठेवून बघत बसले. खाली मोतिया, खांद्यावर जांभळा, वर पाल्याचा शेवाळी हिरवा. टेबलाचे रंग तिथेच ठरले. मोतियासाठी बेबी बू जातीचे मुठीएवढे पांढरे भोपळे आणि कॅफे ओ ले डेलिया, त्यातल्या दुधाळ चहाच्या रंगाच्या. जांभळ्या-हिरव्यासाठी शोभेची कोबी, तीही सलगमच्याच कुळातली. टेबलक्लॉथ गडद वांगी रंगाचा. फुलं बारा इंचांच्या आत ठेवली, कारण समोरच्याचा चेहरा दिसत नसेल तर टेबल कितीही देखणं असो, मी त्याला चांगलं म्हणत नाही.

सलगम कोरणं हे हाताचं काम आहे. भोपळा आतून पोकळ असतो, सलगम भरीव. वरची चकती कापायची आणि धारदार चमच्याने गर खरवडत राहायचं. एकेकाला पाऊण तास लागला. असे सात केले आणि सुकू नयेत म्हणून रात्रभर गार पाण्यात ठेवले. निघालेल्या गराची दह्यातली कोशिंबीर केली, छान झाली.

दुपारी दहा फुटी टेबल मांडलं. दोन्ही बाजूंना पाच-पाच, दोन टोकांना एकेक, माणशी चोवीस इंच. खिडकीतून ऊन येत होतं आणि वांगी रंग असा खुलला होता की मी फोटो काढून घेतले. साडेचारला पडदे ओढून मेणबत्त्या लावून बघितल्या. माझ्याबरोबर सांगलीचा एक विद्यार्थी मदतीला असतो. तो म्हणाला, "ताई, हा तर काळा दिसतोय."

खरंच काळा! मेणबत्तीच्या पिवळ्या उजेडात निळा जवळजवळ नसतोच. माझा वांगी निळ्याकडे झुकणारा. परत फेकायला त्याला काही मिळतच नव्हतं. वर पांढरे भोपळे पिवळट दिसायला लागले. ज्या बाईंनी काळं नको म्हणून सांगितलं, त्यांच्या टेबलावर मी काळं कापड अंथरून ठेवलं होतं. पोटात गोळा आला.

पाहुणे साडेसहाला येणार होते. गाडीत मोतिया लिननचा एक जादा टेबलक्लॉथ कायम असतो. साइडबोर्डवर घालायला अंजिरी मखमलीचा लांब पट्टा आणला होता. अंजिरीत तांबूस जास्त, म्हणजे तो टिकायला हवा. मेणबत्तीसमोर धरून बघितला. टिकला, उलट जास्तच उबदार झाला. बारा जणांची ताटं, काटे, पेले उतरवले. लिनन अंथरून टेबलावरच वाफेची इस्त्री फिरवली, मधोमध अंजिरी पट्टा घातला. कोबीची निळसर पानं काढून फक्त आतली गुलाबी-जांभळी ठेवली. त्या मुलाने एक शब्द न बोलता सगळी ताटं परत कडेपासून इंच मोजून लावली. सहाला आम्ही उभे राहून बघितलं. बाहेर मुलं दारोदार चॉकलेटं मागत हिंडायला लागली होती.

सलगममधल्या मेणबत्त्या पेटवल्या आणि दहा मिनिटांत वास सुटला. भाजलेल्या कोबीसारखा, उग्र. जेवणाच्या टेबलावर मी सुगंधी मेणबत्तीसुद्धा लावू देत नाही, त्यामुळे लगेच बाईंना विचारलं, "बॅटरीचे दिवे घालू का?" त्या एका कंदिलाजवळ वाकल्या आणि तशाच थांबल्या. म्हणाल्या, "आई सांगायची, हा वास कोटाला आठवडाभर राहायचा. मला वाटायचं ती वाढवून सांगते. राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी सामान आणायला गेले. मखमलीवर मेण सांडलेलं होतं, ते बर्फाने कडक करून खरवडलं. सलगम रात्रीत आक्रसले होते, गाल बसलेले, तोंडाला सुरकुत्या. सहा मी पिशवीत भरले. सातवा टेबलावर नव्हता. स्वयंपाकघराच्या खिडकीत, बाईंच्या चहाच्या कपाशेजारी होता.