तिसऱ्या रांगेतली शिट्टी

शनिवार-रविवारी होणाऱ्या छोट्या कार्यक्रमांचा साऊंड मी सांभाळते. कुणाचं गाणं, कुणाचं व्हायोलिन, कवितावाचन, मुलांची नाटुकली, बाजूच्या भिंतीला लावलेली हौशी चित्रकारांची चित्रं. प्रेक्षक शंभर-सव्वाशे. मोठ्या मैफलीपेक्षा हे काम मला अवघड वाटतं. मंचावर आयुष्यात पहिल्यांदा माइक हातात धरलेली माणसं असतात आणि सभागृह गाण्यासाठी बांधलेलं नसतं. उघड्या भिंती, खाली फरशी, वर उंच छत. एक टाळी वाजवा, ती कितीतरी वेळ वर घुमत राहते.

त्या शनिवारी साऊंड चेक चालू होता. दहा-अकरा वर्षांची एक मुलगी स्वतः लिहिलेलं गाणं म्हणून बघत होती, सोबत फक्त गिटार. तेवढ्यात शिट्टी ऐकू आली. बारीक, सुईसारखी. थांबायची, परत यायची.

आमच्या धंद्यात शिट्टी म्हणजे फीडबॅक. स्पीकरचा आवाज माइकमध्ये शिरतो, वाढून पुन्हा स्पीकरमधून येतो, पुन्हा माइकमध्ये. या फेऱ्यात जो सूर सगळ्यात जास्त उचलला जातो तो किंचाळायला लागतो. मोबाइलवरच्या अ‍ॅपमध्ये पाहिलं, ३,००० हर्ट्झच्या जरा वर टोक दिसत होतं. तेवढा पट्टा मिक्सरवर कापला. शिट्टी तशीच. मॉनिटर, म्हणजे मंचावर गायकांकडे तोंड करून ठेवलेले स्पीकर, बंद केले. तशीच. मग एकेक करून सगळे फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या, खाली ओढले, शेवटी स्पीकरच बंद करून टाकले. सभागृह गप्प झालं आणि शिट्टी चालूच राहिली.

कान देऊन आवाजाच्या मागावर निघाले, तर तिसऱ्या रांगेपाशी आले. तिथे एक आजोबा एकटेच बसले होते. त्या मुलीचे आजोबा. तिला घेऊन लवकर आले होते. मान जरा कलती करून मंचाकडे बघत होते आणि शिट्टी त्यांच्या उजव्या कानातून येत होती. कानाचं मशीन.

त्यांना ती ऐकू येत नव्हती. यात नवल नाही. वयाबरोबर ऐकणं कमी होतं ते बहुतेकदा वरच्या, बारीक सुरांपासून. शिट्टी नेमकी त्या भागातली. ती सभागृहातल्या सगळ्यांना टोचते, फक्त ज्याच्या कानात वाजते त्याला पत्ता नसतो. कारण माझ्या स्पीकरचं असतं तेच. मशीनलाही माइक आहे, अ‍ॅम्प्लिफायर आहे, कानात सोडायला इवलासा स्पीकर आहे. कानातला मोल्ड, म्हणजे मशीनचा कानाच्या मापाचा साचा, सैल बसला की आवाज फटीतून निसटतो, परत माइकमध्ये जातो आणि फेरा सुरू होतो.

मी शेजारी बसले आणि मोठ्याने, पण सावकाश सांगितलं, "आजोबा, तुमचं मशीन शिट्टी मारतंय."

ते दचकले. हात लगेच कानाकडे गेला. "माफ कर हं पोरी. गडबडीत बंद करायचं राहिलं. कार्यक्रम सुरू झाला की मी ते बंदच करतो. लोक वळून वळून बघतात."

"बंद केल्यावर ऐकू काय येतं?"

"बघतो की. ती गाते ते दिसतं मला."

मला दोन मिनिटं काही सुचलं नाही. दर शनिवारी हा माणूस तिसऱ्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होता आणि मी बारा-तेरा पावलांवर बसून आवाज किती छान बसलाय यावर खूश होते.

मशीन चालू ठेवलं तरी काय होतं, तेही त्यांनी सांगितलं. "आवाज भरपूर येतो. शब्द येत नाहीत. सगळा काला." इथे माझा अनुभव सांगते. ऐकू येत नाही म्हटलं की आयोजक म्हणतात, आवाज वाढवा. पण स्पीकरपासून लांब गेलं की थेट येणारा आवाज झपाट्याने पडतो. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबलने. भिंतींवरून घुमून येणारा आवाज मात्र सभागृहभर जवळपास सारखाच असतो. वाढवला की दोन्ही वाढतात. काला घट्ट होतो, इतकंच. त्यात स, श, फ ही अक्षरं वरच्या सुरांची. ती गळाली की 'सात' आणि 'हात' एकच वाटतात.

सभागृहाला इंडक्शन लूप असती तर प्रश्नच नव्हता. कडेने तारेचा वेढा फिरवलेला असतो, त्यातून मिक्सरचा आवाज विजेच्या प्रवाहाच्या रूपात जातो आणि आत टेलिकॉइल, म्हणजे तारेचं इवलंसं वेटोळं, असलेलं कानाचं मशीन त्याचं चुंबकीय क्षेत्र थेट पकडतं. मधली हवा, भिंती, खुर्च्यांची करकर, सगळं वगळून. आमच्याकडे ती नव्हती. पण गायकांच्या कानात आवाज द्यायचा एक वायरलेस बेल्टपॅक, म्हणजे कमरेला लावायचा रिसीव्हर, पेटीत पडून होता आणि कान पूर्ण झाकणारा माझा हेडफोन.

मशीन काढून ठेवायला लावलं, कारण हेडफोनच्या वाटीत ते आणखीच ओरडलं असतं. मिक्सरवरून एक वेगळा ऑक्स, म्हणजे फक्त त्यांच्यापुरती आवाजाची स्वतंत्र वाट, काढला. त्यात फक्त मुलीचा माइक आणि चवीपुरती गिटार. ज्या पट्ट्यात मी रोज कात्री चालवते, तोच २,००० ते ४,००० हर्ट्झचा भाग त्यांच्यासाठी वर उचलला. आवाज शून्यावरून सुरू केला. कानाला इजा होऊ नये म्हणून अगदी हळूहळू, त्यांच्या बोटाच्या खुणेवर. बोट वर, अजून वर. मग तळहात आडवा झाला. बस्स.

कार्यक्रम सुरू झाला. तिची पाळी चौथी. माइक ओठांपासून चार बोटांवर धरायला मी तिला शिकवलं होतं, तसा तिने धरला. मी मिक्सरवरून मंचाकडे बघायचं सोडून तिसऱ्या रांगेकडेच बघत होते. आजोबांनी दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरला होता आणि ओठ हलत होते, तिच्या एक शब्द मागून. दोन कडव्यांमध्ये ती थांबली. सगळे शांत. हेडफोन लावलेल्या माणसाला स्वतःच्या आवाजाचा अंदाज राहत नाही. ते खणखणीत म्हणाले, "श्वास! ती श्वास घेतेय ते पण येतंय!"

सगळ्यांनी वळून पाहिलं. या वेळी त्यांना त्याचं काही वाटलं नाही. मुलगी मंचावरून हसली आणि पुढचं कडवं तिने थेट त्यांच्याकडे बघत म्हटलं.

निघताना त्यांच्या मुलाला मी मोल्डचं सांगितलं. वय वाढताना कानाचा आकार बदलतो, जुना साचा सैल होतो, ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवणतज्ज्ञ, माप घेऊन नवा करून देतात. कधी कानात मळ साठल्यानेही शिट्टी येते, तेही आधी बघून घ्या म्हटलं. त्यांना वाटत होतं मशीनच जुनं झालंय.

महिन्याभराने त्याच सभागृहात साऊंड चेकला मी मुद्दाम सगळे फेडर खाली घेतले आणि थांबून ऐकलं. पंख्याची घरघर, बाहेर कुणीतरी चित्रं टांगायला खिळा ठोकत होतं. आजोबा तिसऱ्या रांगेत होते. त्यांनी कानाकडे बोट दाखवून मला विचारलं, "काही वाजतंय का?"

"नाही," मी म्हटलं. "चालूच ठेवा."