क्लर्कशिपनंतर लॉ फर्म कशी निवडली – माझा अनुभव

अमेरिकेत लॉ स्कूल संपल्यावर मी दोन क्लर्कशिप केल्या, म्हणजे जजच्या हाताखाली केसेस वाचून कायद्याचं काम, आधी एक वर्ष फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात आणि मग एक वर्ष अपील कोर्टात, आणि दुसरं वर्ष निम्मं सरलं तसं आता फर्म कुठली हे ठरवणं भाग पडलं. लिटिगेशनच, म्हणजे कोर्टातल्या खटल्यांचंच काम करायचं यात काही शंका नव्हती. हल्ली आपल्याकडची बरीच मुलंमुली तिकडे लॉ करतायत आणि याबद्दल विचारत असतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी, अर्ज करण्यापूर्वी जजशी बोला. क्लर्क असताना नोकरी शोधायला मनाई नाही, पण ज्या फर्मशी तुमचं बोलणं चालू आहे तिची केस चेंबर्समध्ये, म्हणजे जजच्या ऑफिसात, आली तर तुम्ही तिला हात लावायचा नाही. आमच्या जज मॅडमनी त्यासाठी लिस्टच करायला लावली होती, मी ज्या फर्मला ईमेल पाठवला तिचं नाव त्याच दिवशी लिस्टवर, आणि तिची केस आली की फाइल सरळ माझ्या को-क्लर्ककडे. त्यामुळे दिसेल तिथे अर्ज टाकता येत नाही, कारण आपल्या प्रत्येक अर्जामागे शेजारी बसणाऱ्याचं काम वाढतं. मला हे बंधन चांगलंच वाटलं, त्याच्यामुळे आधी नीट विचार झाला आणि यादी मोजकीच राहिली.

आता पैशाचं, कारण डोक्यावर एज्युकेशन लोन असताना पैशाचा विचार करायचाच. मोठ्या फर्म्समध्ये पहिल्या वर्षाच्या असोसिएटला (पार्टनर नसलेल्या पगारी वकिलाला) २०२३ च्या शेवटापासून २,२५,००० डॉलर मिळतात, क्लर्कचा पगार त्याच्यापुढे फारच कमी. पण क्लर्कशिपची वर्षं बहुतेक फर्म्स अनुभवात धरतात, म्हणजे दोन वर्षं धरली तर तुम्ही थेट तिसऱ्या वर्षाच्या पगारावर, २,६०,००० वर लागता, वर क्लर्कशिप केली म्हणून फर्म देते तो क्लर्कशिप बोनस वेगळा. इथे खोदून विचारा: दुसऱ्या क्लर्कशिपचे जास्तीचे पैसे देता का, ही वर्षं फक्त पगारासाठी धरता की पार्टनरशिपसाठी पण, आणि लवकर सोडून गेले तर बोनस परत द्यावा लागतो का. बोनसचे पैसे क्लर्कशिप संपेपर्यंत हातात घेता येत नाहीत, आणि आले की साधारण २२ टक्के फेडरल टॅक्स तिथल्या तिथे कापला जातो, तेव्हा पूर्ण रकमेवर कसलेच हिशोब मांडू नका.

माझा निर्णय मात्र डॉकेटवरून, म्हणजे केसच्या कोर्टातल्या नोंदींवरून झाला. क्लर्कशिपमध्ये एक सवय लागते, ब्रीफ (वकिलांनी कोर्टाला दिलेला लेखी युक्तिवाद) हातात आलं की खाली सह्या कोणाच्या आहेत ते बघायची. चेंबर्सच्या आतलं काही वापरायचं नाही हे तर आलंच, पण पेसर या फेडरल कोर्टांच्या वेबसाइटवर केसचं रेकॉर्ड कोणालाही बघता येतं, पानाला १० सेंट, एका डॉक्युमेंटला जास्तीत जास्त ३ डॉलर, आणि तिमाहीत ३० डॉलरच्या आत राहिलात तर काहीच द्यावं लागत नाही. मी यादीतल्या फर्म्सच्या जुन्या केसेस काढून शनिवार-रविवार वाचत बसायचे. मोशनवर (कोर्टाकडे केलेल्या अर्जावर) युक्तिवाद कोणी केला, साक्षीदार कोणी तपासले, तीन-चार वर्षांच्या असोसिएटचं नाव नुसतं खाली छापलंय की मिनिट्समध्ये (सुनावणीच्या नोंदीत) पण आहे, हे सगळं तिथे दिसतं. फर्मच्या वेबसाइटवर सगळेच लिहितात की ज्युनियरला पहिल्या दिवसापासून जबाबदारी देतो, पण मिनिट्समध्ये जो बोलला त्याचंच नाव येतं.

हे माझ्या मनात इतकं बसलं ते डिस्ट्रिक्ट कोर्टातल्या एका सुनावणीमुळे. समरी जजमेंटची, म्हणजे ट्रायलशिवायच निकाल मागणारी मोशन होती, पोडियमवर सीनियर पार्टनर, आणि जजनी एका डिपॉझिशनमधल्या (कोर्टाबाहेर शपथेवर घेतलेल्या जबानीतल्या) नेमक्या उत्तराबद्दल विचारलं. पार्टनर मागे वळले, मागच्या खुर्चीतल्या मुलीने बाइंडर न उघडताच पान आणि ओळ सांगितली. जज म्हणाले, मग तुम्हीच पुढे येऊन सांगा ना. ती उठली, आणि पुढची दहाएक मिनिटं तिने ते रेकॉर्ड असं काही मांडलं की समोरच्या वकिलांनी पेन खाली ठेवलं. सगळं तिनेच वाचलं होतं, ब्रीफही बहुधा तिनेच लिहिलं असणार, आणि तरी जजनी बोलावलं नसतं तर ती गप्पच बसून राहिली असती. मला अशी जागा हवी होती जिथे हे काम जजवर सोडलेलं नसेल.

मग इंटरव्ह्यूमध्ये मी पार्टनर्सपेक्षा चौथ्या-पाचव्या वर्षाच्या असोसिएट्सशी जास्त बोलले. तुम्ही एकट्याने घेतलेली शेवटची डिपॉझिशन कधीची? तुमचा ड्राफ्ट पार्टनर स्वतः दुरुस्त करून देतात की मधल्या मध्ये कुठेतरी बदलून जातो? तुमच्याबरोबर लागलेले सगळे आता कुठे आहेत? या शेवटच्या प्रश्नाला एका मोठ्या फर्ममधली असोसिएट बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली की ग्रुपमध्ये मीच उरलेय. दुसरीकडे एक छोटी, फक्त ट्रायलची कामं करणारी फर्म होती, तिथल्या मुलाने मला मागच्याच महिन्यात केलेल्या उलटतपासणीबद्दल इतक्या उत्साहाने सांगितलं की ठरलेली वेळ कधी संपली ते दोघांनाही कळलं नाही. तास तिथेही कमी नाहीत, वर्षाला २,००० बिलेबल अवर्स (अशिलाच्या बिलात लावायचे तास) म्हणजे दर सहा मिनिटांचा हिशोब आलाच, आणि बोनस मोठ्या फर्मपेक्षा कमी. घरच्यांना वाटत होतं की नाव असलेली मोठी फर्म सोडू नये, पुढे कुठेही जायला तेच उपयोगी पडतं. त्यात तथ्य आहे, आणि ज्याला चार-पाच वर्षांनी कंपनीत किंवा सरकारी वकिलाच्या ऑफिसात जायचंय त्याने मोठी फर्म जरूर घ्यावी. मी छोटीला हो म्हटलं.

हो म्हटल्यावर जजना लगेच कळवलं, आणि त्या फर्मच्या केसेसपासून शेवटपर्यंत लांब राहिले. जॉइन होताना फर्मने विचारलं की क्लर्क म्हणून कुठल्या केसेसवर प्रत्यक्ष काम केलंय, कारण त्या केसमध्ये सगळ्या पक्षांची लेखी संमती असल्याशिवाय मला कोणाचीच बाजू घेता येत नाही, आणि फर्मला ती केस चालवायची असेल तर मला तिच्यापासून पूर्ण वेगळं ठेवावं लागतं, त्या फीमधला वाटाही मला मिळत नाही. ही यादी क्लर्कशिप चालू असतानाच करत जा, फक्त केसचं नाव आणि नंबर, बाकी काही नाही, आणि चेंबर्स सोडायच्या आधी ती जजना दाखवून घ्या.