पावसाळे आणि पाव

२० ऑगस्टला बुडापेस्टमध्ये कुणी दुधाची पिशवी मिळवून दाखवावी. मोठी दुकानं झाडून सगळी बंद. लेक कामाच्या धबडग्यात विसरली, जावई म्हणाला, "तू आणणार होतीस ना?" आणि मी सोलापूरहून आणलेला चहाचा डबा उघडून तशीच उभी. शेवटी कोरा चहा घेतला आणि विचारलं, "आज आहे तरी काय एवढं?"

"आज यांचा राष्ट्रीय दिवस. म्हणजे राजाचा. म्हणजे संताचा. आणि पावाचासुद्धा," लेक म्हणाली. तिचं हे अडखळणं किती बरोबर होतं ते मला नंतर कळलं.

राजा आणि संत एकच. इश्तवान. इ.स. १०००च्या सुमारास त्याच्या डोक्यावर मुकुट चढला आणि हंगेरी हे ख्रिस्ती राज्य झालं. २० ऑगस्ट १०८३ला चर्चने त्याला संत ठरवलं, तेव्हापासून ही तारीख त्याची. पुढे कम्युनिस्ट आले. त्यांना संत नको होता, पण सुट्टी कोण सोडणार? मग १९४९ साली नवी राज्यघटना नेमकी २० ऑगस्टला लागू केली. दिवस झाला राज्यघटनेचा आणि नव्या पावाचा. आता ते सरकारही गेलं, संत परत आला. दारावरची पाटी बदलत राहिली, पाव मात्र घरातल्या घरात सुखात आहे. इथली गव्हाची कापणी जूनच्या शेवटी, पीटर-पॉलच्या सणाला सुरू होते. ऑगस्ट उजाडेपर्यंत नवं पीठ दळून तयार. त्या पिठाचा पाव म्हणजे 'ऊय केन्येर', नवा पाव. त्याला लाल-पांढऱ्या-हिरव्या फितीने बांधतात, म्हणजे अंगावर चक्क देशाचा झेंडा. गोव्यात रायच्या चर्चमध्ये ५ ऑगस्टला भाताची पहिली कणसं आशीर्वादासाठी नेतात, ते मी एकदा पाहिलंय. इथे कणसाची वाट पाव होईपर्यंत बघतात, एवढाच फरक.

हा पाव मी जवळून पाहिला तो खालच्या मजल्यावरच्या नेनींकडे. वयाने मोठ्या बाईला तिथे 'नेनी' म्हणतात आणि बाप्याला 'बाची'. आपल्या मावशी-काकांसारखंच, ओळखपाळख असो-नसो. त्यामुळे मीही आठवडाभरात नेनी झाले होते. या नेनी ऐंशीच्या घरातल्या. त्यांना इंग्रजी येत नाही आणि मला मजार येत नाही. (हंगेरियन लोक आपल्या भाषेला मजार म्हणतात, हे नातवानेच शिकवलं.) तो सात वर्षांचा आणि आम्हा दोघींचा दुभाषी. भाषांतर शब्दाला शब्द. त्यात आपलं काही घालायचं नाही आणि त्यातलं काही समजूनही घ्यायचं नाही.

नेनींनी फीत सोडली, घडी करून खणात ठेवली. पाव छातीशी धरून उलटा केला आणि सुरीच्या टोकाने त्याच्या बुडाला हलकेच क्रूस काढला. पावाला चरा पडेल न पडेल इतकाच. मग कापायला घेतला. मी नातवाला म्हटलं, विचार तर, हे का करतात? तो विचारून आला. "आजी, ती म्हणते, असंच करतात." मला हे उत्तर चांगलं ओळखीचं होतं. सासूबाई पहिली भाकरी गाईसाठी बाजूला काढायच्या, आणि गोठा मोडून वीस वर्षं झाली तरी काढायच्या. विचारलं की हेच म्हणायच्या.

कवच कडक, आत ओलसर लुसलुशीत, आणि आंबवल्याचा बारीक आंबूस वास. आपल्याकडे पाव म्हटलं की मिसळीत बुडवायचा किंवा बटाटेवड्याभोवती गुंडाळायचा, म्हणजे दुय्यम भूमिकाच. इथे तो मुख्य, बाकीचे सगळे तोंडीलावणं. मी दुसरा तुकडा घेतला तेव्हा नेनी स्वतःकडे बोट दाखवून काहीतरी म्हणाल्या. नातवाने गंभीरपणे सांगितलं, "ती म्हणते, तिने पावाचा चांगला भाग खाऊन टाकलाय."

मी टेबलाकडे पाहिलं. पाव तर जवळजवळ अख्खा होता.

रात्री लेक हसून लोटपोट. ती म्हण आहे म्हणे. 'आपल्या पावाचा चांगला भाग खाऊन झाला', म्हणजे वय झालं. मला ते फार पटलं. आपण वय पावसाळ्यांत मोजतो, तर ही माणसं पावात. दुसऱ्या दिवशी मी नातवाला खाली पाठवला. म्हटलं, नेनींना सांग, आम्ही म्हणतो, मी चार पावसाळे जास्त पाहिलेत. तो धावत जाऊन धावत आला. "आजी, ती विचारते, फक्त चारच? तुमच्याकडे दुष्काळ आहे का?"

सोलापूरची मी. नाही कसं म्हणू?

बाकी त्या दिवशी पाहुण्यांनी जे बघायचं ते सगळं आम्ही बघितलं. संध्याकाळी इश्तवानच्याच नावाच्या बॅसिलिकेपाशी त्याच्या उजव्या हाताची मिरवणूक निघते. हात म्हणजे खरोखरचा हात, सुकलेला, काचेच्या पेटीत. मधल्या काळात तो फिरत फिरत थेट दुब्रोव्हनिकला गेला होता आणि १७७१ साली महाराणी मारिया थेरेसाने परत आणला. नातवाला सगळ्या सणात एवढीच गोष्ट आवडली. 'देशाचा केक' म्हणून २००७पासून दर वर्षी एक केक निवडतात, त्याची रांग बघून आम्ही परतलो. देब्रेत्सेनचा फुलांच्या रथांचा कार्निव्हल १९६६पासून चालत आलाय, तो नेनींबरोबर टीव्हीवर पाहिला. ओबुदा बेटावर ऑगस्टमध्येच सिगेत या संगीत महोत्सवाचा धिंगाणा असतो, पण ते लेक-जावयाच्या वयाचं काम.

मी रमले ती किल्ल्यावर. बुडाच्या टेकडीवर कारागिरांची जत्रा भरते. तिकीट काढून आत जायचं, मग कुंभार, लोहार, टोपल्या विणणारे, लाकूड कोरणारे. एका मांडवात निळं कापड टांगलेलं दिसलं आणि पाय तिथेच थबकले. या कामाला 'केकफेश्तो' म्हणतात, निळं रंगवणं. पितळी खिळे ठोकलेल्या लाकडी ठशाने कापडावर एक लगदा छापायचा, कापड निळीच्या पिंपात बुडवायचं, पुन्हा बाहेर काढायचं, असं कितीतरी वेळा. शेवटी धुतलं की लगदा निघून जातो आणि निळ्यावर पांढरी फुलं राहतात. ही नीळ युरोपात गेली ती आपल्याकडूनच. हंगेरीसकट पाच देशांच्या या कलेला २०१८ साली युनेस्कोने आपल्या यादीत घेतलं, तशी पाटी तिथे होती. मी पाटी सोडून कापडाची कड दोन बोटांत चोळली. चादरींच्या गावची सवय, हात आधी पोत बघतो. खळ दिलेली, घोटून चकाकी आणलेली. किंमत विचारली आणि बोटं आपसूक सुटली.

तिथेच लांगोश खाल्ला. परातीएवढी, तेलात फुगलेली मैद्याची पुरी. वर लसणाचं पाणी, घट्ट आंबट साय आणि किसलेलं चीज. 'लांग' म्हणजे ज्वाळा. पूर्वी पाव भाजायच्या दिवशी उरलेल्या पिठाची पोळी भट्टीच्या तोंडाशी ज्वाळेवर भाजायचे, तोच हा लांगोश. आता तो कढईत आला. जावई म्हणाला, कसा आहे? मी म्हटलं, भटुऱ्याने परदेशात जाऊन नाव बदललंय. पण अर्ध्याहून जास्त मीच संपवला.

रात्री डॅन्यूबवर दारूकाम. पुलांवर आणि दोन्ही काठांवर मुंगीला जागा नाही. जावयाने तिथे एक किस्सा सांगितला. २०२२मध्ये हवामान खात्याने वादळ येणार म्हणून सांगितलं, सरकारने आतषबाजी पुढे ढकलली, आणि वादळ काही आलं नाही. दोन दिवसांत खात्याच्या वरच्या दोन अधिकाऱ्यांची नोकरी गेली. मला आधी हसू आलं. मग त्याने २००६चं सांगितलं. त्या वर्षी याच रात्री, याच आतषबाजीत खरंच वादळ घुसलं होतं आणि माणसं गेली होती. नंतर मी बाण मोजायचं सोडून ढगांकडेच बघत बसले.

उन्हाळा सरतो तो काळ हंगेरियनमध्ये 'न्यारुतो', उन्हाळ्याचा मागचा भाग. आपल्याकडे उन्हाळ्याचा मागचा भाग म्हणजे वैशाख संपता संपता आभाळाकडे डोळे लावून बसणं. तो कधी एकदा जातो असं होतं. इथे मात्र त्याला निरोप द्यायला लोक जमतात. २० ऑगस्टच्या आसपास करकोचे दक्षिणेकडे निघतात, त्यानंतर नेनी नदीत पाय घालत नाहीत. मी म्हटलं, अजून चांगलं ऊन आहे की. तर म्हणाल्या, ऊन आहे, उन्हाळा नाही.

पण सप्टेंबरात तो एकदा वळून बघतो. आठवडा दोन आठवडे मऊ, पिवळं ऊन पडतं. त्याला ते 'म्हाताऱ्या बायकांचा उन्हाळा' म्हणतात. माझा नव्वद दिवसांचा व्हिसा संपत आला होता. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी म्हाताऱ्या अंगणातल्या बाकावर तो उन्हाळा खात बसलो होतो, बॅगा वर भरून तयार. हवेत कोळ्याचे चंदेरी धागे तरंगत होते. एक नेनींच्या केसांत अडकला, एक माझ्या पदराला चिकटला. नातू म्हणाला, "आजी, याला बैलाची लाळ म्हणतात." खरंच म्हणतात, विचारून खात्री केली. पोळ्याला गावी नव्हते याची चुटपुट लागून राहिली होती, ती तेवढ्यापुरती निवली.

मी म्हटलं, आमच्याकडेही असं उडतं, पण ते रुईच्या बोंडातलं. पांढरं, हलकं. त्याला आम्ही म्हातारी म्हणतो. सांग नेनींना.

त्याने सांगितलं. "आजी म्हणते, त्यांच्याकडे म्हाताऱ्या उडतात."

नेनींनी माझ्याकडे नीट पाहिलं, मग वर आमच्या खिडकीकडे, आणि काहीतरी विचारलं.

"ती म्हणते, मग विमानाचं तिकीट कशाला काढलं?"