वणाचे दोन अर्धे

गेल्या दिवाळीत चकल्या तळताना उडालेल्या तेलाने माझा उजवा हात मनगटाच्या वर चार बोटे भाजला आणि जखम भरल्यावर तिथे लालसर, किंचित उंच वण राहिला. त्वचारोगतज्ज्ञांना विचारून मी कोपराकडच्या अर्ध्यावर दिवसातून दोनदा सिलिकॉन जेलचा पातळ थर लावू लागले आणि मनगटाकडच्या अर्ध्यावर, सासूबाईंच्या आग्रहाखातर, खोबरेल तेल.

आज बारा आठवडे झाले, म्हणून सकाळी नेहमीच्याच खिडकीपाशी फोटो काढून पहिल्या फोटोशेजारी ठेवला. जेलचा भाग बोटाला सपाट लागतो आणि त्याची खाजही गेली आहे. तेलाचा भाग मऊ आहे, पण त्याची कडा अजून जाणवते. सिलिकॉन त्वचेतला ओलावा उडू देत नाही, त्यामुळे वण कमी जाड होतो, असे डॉक्टरांनी समजावले होते. रंगात मात्र मला तरी फरक दिसला नाही, आणि भाजल्याचा वण वर्ष-दीड वर्ष आपणहूनही निवळत जात असल्याने सगळे श्रेय ट्यूबला देणे पटत नाही. (व्हिटॅमिन ईची कॅप्सूल फोडून आधी दंडावर लावून पाहिली होती, दुसऱ्या दिवशी पुरळ उठले, तो प्रयोग तिथेच संपला.)

फोटो पाहून सासूबाई म्हणाल्या, "तेलाची बाजू जास्त तुकतुकीत दिसते गं." तेही खोटे नाही.